हा लाँग बेची बोटसफर: आधी मार्ग ठरवा, मग बोट

व्हिएतनामला जाणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या यादीत ‘हा लाँग बे’ हा बेटांनी भरलेला समुद्र असतोच. तयारी मात्र सहसा उलट्या क्रमाने होते. आधी बोटींचे फोटो बघितले जातात: केबिनला बाल्कनी आहे का, बाथटब आहे का, जेवणात किती पदार्थ. ती बोट कुठल्या धक्क्यावरून सुटते, कोणत्या बेटांमधून जाते आणि कोणत्या गुहेत थांबते, याची चौकशी पैसे भरल्यावर होते, किंवा होतच नाही. प्रत्यक्षात काय बघायला मिळणार हे ठरते मार्गावरून. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

हे ठिकाण नेमके काय आहे

उत्तर व्हिएतनामच्या क्वांग निन्ह प्रांतात सुमारे 1,553 चौरस किलोमीटर समुद्रात 1,969 लहानमोठी बेटे विखुरली आहेत. जवळपास सगळी चुनखडीची. हा खडक तीसएक कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी थराथराने साचला, वर उचलला गेला आणि मग पावसाच्या पाण्याने त्याला विरघळवत नेले. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली, तेव्हा या डोंगररांगांच्या दऱ्या पाण्याखाली गेल्या आणि फक्त शिखरे वर राहिली. म्हणजे बोट ज्यामधून जाते ती मुळात बुडालेली दरी आहे.

आपल्याला गुहा म्हटले की अजिंठा, कार्ले, घारापुरी आठवते. ती माणसाने छिन्नीने बेसॉल्टमध्ये कोरलेली लेणी. इथल्या गुहा पाण्याने चुनखडी विरघळवून केलेल्या आहेत, आणि हा फरक डोळ्यांपुढे ठेवला की आत शिरल्यावर काय बघायचे ते कळते. छतावरून लोंबणारे अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीतून वर येणारे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी वाचलेले असतात. आपल्याकडच्या काळ्या खडकात ते बघायला मिळत नाहीत. इथे ते खांबासारखे उभे आहेत.

युनेस्कोने 1994 मध्ये हा लाँगला जागतिक वारसा यादीत घेतले. 2023 मध्ये शेजारचा कात बा द्वीपसमूहही त्यात जोडला गेला. ही दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे, कारण बोटी आता या सगळ्या पाण्यात वेगवेगळ्या भागांत जातात आणि जाहिरातीत मात्र सगळ्यांवर ‘हा लाँग’ एवढेच लिहिलेले असते.

पायरी पहिली: तीनपैकी कोणते पाणी?

मूळ हा लाँग बे. प्रसिद्ध गुहा इथेच आहेत. प्रशासनाने आतले मार्ग आखून दिलेले आहेत आणि बोटीला ठरलेल्या मार्गानेच जावे लागते. किनाऱ्याजवळच्या मार्गावर थिएन कुंग आणि दाऊ गो या दोन गुहा आणि दोन कोंबड्यांसारखी दिसणारी खडकांची जोडी येते. चार तासांच्या बोटी बहुधा इथेच फिरतात. त्याच्या पलीकडच्या मार्गावर सुंग सोत ही मोठी गुहा, लुऑन हा पाण्यातला बोगदा आणि ति तोप बेट. पहिल्यांदा जाणाऱ्याने हा दुसरा मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. गर्दी आहे, दुपारी तर सुंग सोतच्या जिन्यावर रांग लागते. तरीही ती गुहा बघण्यासारखी आहे.

लान हा बे. हा कात बा बेटाच्या पूर्व-आग्नेय कडेचा भाग, हाय फाँग शहराच्या अखत्यारीत. बेटे लहान आणि दाटीवाटीची, वाळूच्या छोट्या चौपाट्या जास्त, बोटी कमी. इथे कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) आणि पोहणे चांगले होते. सुंग सोतच्या तोडीची गुहा मात्र या पाण्यात नाही. गुहा हे मुख्य आकर्षण असेल तर फक्त शांततेच्या मोहाने लान हा निवडू नका. मुले कॉलेजवयीन असतील आणि त्यांना पाण्यात उतरायचे असेल तर मात्र बेलाशक हेच घ्या.

बाय तू लाँग बे. ईशान्येकडचा, सर्वांत शांत भाग. वुंग विएंग हे तरंगते कोळीवाडे इथल्या बहुतेक सहलींत असते. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: अशा तरंगत्या वस्त्यांमधली बहुतांश कुटुंबे 2014 मध्ये सरकारने किनाऱ्यावर हलवली. आता तिथे दिसतात ती घरे, मोत्यांची शेती आणि वल्हवणाऱ्या बायका यांतले बरेचसे पर्यटनावर चालते. ते बघू नये असे नाही, पण अजूनही गाव तसेच नांदते आहे असे समजून जाऊ नका.

पायरी दुसरी: महिना

ऑक्टोबर ते डिसेंबर सर्वांत चांगला. आकाश मोकळे, हवा कोरडी, पाणी शांत. एप्रिल आणि मे महिन्याची सुरुवातही छान. जानेवारी ते मार्च या दिवसांत धुके आणि झिमझिम पाऊस असतो. बेटे धुक्यात फार सुंदर दिसतात, पण कधीकधी शंभर मीटरपलीकडचे काहीच दिसत नाही, आणि गारठा असतो. व्हिएतनाम म्हणजे उकाडा अशा समजुतीने सुती शर्ट घेऊन गेलेल्यांची डेकवर पंचाईत होते. स्वेटर न्याच. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत त्यांचे नववर्ष, तेत, येते. त्या आठवड्यात बरेच काही बंद असते आणि दर चढलेले असतात.

जून ते सप्टेंबर हा वादळांचा काळ, आणि आपल्या शाळांच्या मे-जूनच्या सुट्टीचा शेवट नेमका तिथे टेकतो. सप्टेंबर 2024 मध्ये यागी चक्रीवादळाने हा लाँगमध्ये अनेक पर्यटक बोटी बुडवल्या. जुलै 2025 मध्ये तर चक्रीवादळ पोहोचलेलेही नव्हते. दुपारी अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात एक पर्यटक बोट उलटली आणि तीसहून अधिक माणसे गेली. हे लिहिण्यात घाबरवण्याचा हेतू नाही. पण या महिन्यांत जाणार असाल तर हवामानाचा इशारा असताना बोटवाल्याशी ‘आम्ही एवढ्या लांबून आलो आहोत’ अशी हुज्जत कुणी घालू नये, एवढे नक्की म्हणायचे आहे.

पायरी तिसरी: सहलीत दिवस कुठे बसवायचा

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: हा लाँग सहलीच्या शेवटच्या दोन दिवसांत ठेवू नका. हवा बिघडली की बंदर प्रशासन बोटींना परवानगी नाकारते, कधी आदल्या संध्याकाळी, कधी त्याच सकाळी. हा लाँग सहलीच्या सुरुवातीला असेल तर हनोईतले दिवस पुढे-मागे करून दुसरी तारीख मिळू शकते. शेवटी ठेवला तर पैसे परत मिळाले तरी बेटे बघायची राहूनच जातात.

एक दिवस की एक रात्र? हनोईहून रस्त्याने साधारण अडीच तास लागतात. द्रुतगती महामार्ग झाल्यापासून प्रवास खूपच सुसह्य झाला, पूर्वी चार तास मोडायचे. तरी जाऊन-येऊन पाच तास गाडीत गेले की एका दिवसात पाण्यावर चार ते सहा तासच हाती लागतात. मी एक रात्र बोटीवर राहण्याच्या बाजूने आहे. दिवसाच्या बोटी दुपारनंतर परत फिरतात आणि मग संध्याकाळी आणि पहाटे पाणी तुमचे असते. दोन रात्री तेव्हाच घ्या जेव्हा कयाकची खरी आवड आहे.

घरात गुडघ्याचा त्रास असलेली, बोटीला घाबरणारी मंडळी असतील तर दुसरा पर्याय सांगतो: निन्ह बिन्ह जवळचे त्रांग आन. हनोईपासून शंभरेक किलोमीटर, तीच चुनखडी, तशाच गुहा, पण समुद्राऐवजी संथ नदी. वल्ह्यांच्या छोट्या होडीतून बसल्या-बसल्या तुम्ही गुहांच्या आतून जाता, एकही पायरी चढावी लागत नाही. वल्हवणाऱ्या बहुतेक बायका असतात. जवळच्या ताम कोकमध्ये तर त्या पायांनी वल्ही मारतात. त्रांग आनही 2014 पासून जागतिक वारसा आहे. आजीआजोबांसाठी हे हा लाँगपेक्षा बरे, असे मी बिनधास्त म्हणेन.

पायरी चौथी: व्हिसा आणि पैसे

भारतीयांना ई-व्हिसा लागतो. एकदा प्रवेशाचा 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचा 50 डॉलर, मुदत 90 दिवसांपर्यंत. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते. अर्जात पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने, अक्षर न गाळता लिहा. व्हिसावर मधले नाव राहिले म्हणून विमानतळावर अडकण्यात अर्थ नाही.

एका रुपयाला साधारण 300 दाँग, त्यामुळे नोटांवर शून्येच शून्ये. 20,000 आणि 500,000 या दोन्ही नोटा निळसर असतात आणि घाईत हमखास अदलाबदल होते. वेगळ्या कप्प्यात ठेवा. 2 लाखांच्या नोटेच्या मागे धूपदाणीसारखा एक खडक छापला आहे. तो हा लाँगमधलाच, थिएन कुंगच्या मार्गावरचा. त्या मार्गाने गेलात तर नोट हातात धरून फोटो काढायला सगळी बोट एका बाजूला जमते.

पायरी पाचवी: बुकिंग करताना विचारायचे प्रश्न

हनोईच्या जुन्या पेठेत पावलोपावली एजंट आहेत. एकच बोट तीन दुकानांत तीन किमतींना मिळते. किमतीआधी या गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर आले तरी चालेल: बोटीचे नाव काय, धक्का कोणता (तुआन चाऊ, बाय चायचे आंतरराष्ट्रीय बंदर, की हाय फाँगकडचा), कोणत्या गुहा आणि बेटे, प्रवेशशुल्क आणि कयाक धरून का, बंदर बंद झाले तर पैसे किती आणि किती दिवसांत परत. पाणी आणि इतर पेये बहुधा वेगळी आकारतात, तेही विचारा. ‘बोट नंतर कळवू’ असे उत्तर आले तर तिथून उठा.

शाकाहारी असाल तर बुकिंगलाच सांगा आणि चढल्यावर पुन्हा सांगा. ‘आन चाय’ म्हणजे शाकाहार, एवढे शब्द पाठ करा. बोटीवरचे जेवण मुळात मासळीचे असते आणि भाजीतही माशाचे आंबवलेले पाणी, नुओक माम, घालण्याची रीत आहे. म्हणून ‘नुओक माम नको’ हे वेगळे सांगावे लागते. सांगितले तर टोफू, भाज्या, भात व्यवस्थित मिळतो. चिवडा, दशम्या, लोणच्याची पाकिटे सोबत असू द्यात, पण बोटीच्या जेवणाच्या टेबलावर डबे उघडू नका. केबिनमध्ये किंवा डेकवर खा. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. कोळंबी, शिंपल्या, माकूळ सगळे ताजे. रात्री बोटीच्या कडेला दिवा सोडून माकूळ पकडायला देतात.

पायरी सहावी: भरती-ओहोटी समजून घ्या

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी समजावायची गरज नसते. इथे मात्र त्याचाही अंदाज चुकतो. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. हा लाँग ज्या टाँकिनच्या आखातात येतो त्याची रचनाच अशी आहे की इथे बहुतेक दिवशी एकदाच भरती आणि एकदाच ओहोटी होते. शिवाय उधाण अमावस्या-पौर्णिमेला येईलच असे नाही. चंद्र विषुववृत्ताच्या जास्तीत जास्त उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो तेव्हा पाणी सर्वांत जास्त चढते-उतरते, आणि तो फरक तीन-चार मीटरचा होऊ शकतो.

याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. लुऑन हा पाण्याच्या पातळीवरचा बोगदा आहे. त्यातून बांबूच्या होडीने किंवा कयाकने पलीकडच्या बंदिस्त तळ्यात जायचे असते, ज्याच्या चहूबाजूंनी कडे आहेत. पाणी खूप चढलेले असेल तर बोगद्याचे छत डोक्याशी येते. पाणी सावकाश, तासन् तास एकाच दिशेने चढत राहते, त्यामुळे ‘थोडे थांबू, उतरेल’ हा कोकणातला हिशेब इथे चालत नाही. सकाळी चढते पाणी दिसले तर गाइडला विचारा की आधी लुऑन करता येईल का. आणि कयाकने कुठल्याही पाण्यातल्या गुहेत एकट्याने, गाइडला न सांगता शिरू नका. आत गेलात तेव्हा मोकळी असलेली वाट परत येताना तेवढीच उंच राहील याची खात्री नसते.

या पाण्याची ही चाल ओळखून व्हिएतनामींनी लढाया जिंकल्या आहेत. हा लाँगच्या पश्चिमेला बाख दांग नदीच्या मुखात, 1288 मध्ये त्रान हुंग दाओ या सेनापतीने नदीच्या तळाशी टोकदार लाकडी खुंट रोवून ठेवले. भरतीच्या पाण्यात मंगोल युआन सैन्याची गलबते आत ओढली गेली, ओहोटी लागली तशी खुंटांवर अडकली आणि आरमाराचा फडशा पडला. तीच युक्ती 938 मध्ये न्गो क्वेनने तिथेच चिनी आरमारावर वापरली होती. 1288 च्या लढाईचे खुंट दाऊ गो गुहेत साठवले होते असे स्थानिक सांगतात. किनाऱ्याजवळचा मार्ग तुमच्या वाट्याला आला तर निदान ही गोष्ट ठाऊक असताना ती गुहा बघा.

पायरी सातवी: प्रत्यक्ष दिवस

सकाळी आठच्या सुमारास हनोईच्या हॉटेलवरून गाडी घेते. मोठी बॅग हनोईत हॉटेलच्या स्वाधीन करा. एका रात्रीसाठी पाठीवरची सॅक पुरते. पासपोर्ट मात्र मूळ, सोबतच हवा, कारण बोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाची नोंद बंदरात होते. मध्ये अर्ध्या तासाचा थांबा मोठ्या दुकानापाशी असतो. तिथे काही घेतलेच पाहिजे असे नाही.

बाराच्या आसपास धक्क्यावर. लहान नावेतून मोठ्या बोटीवर नेतात. तिथेच लाइफ जॅकेट देतात. ते नीट बांधा आणि मुलांना मुलांच्या मापाचेच मागून घ्या. केबिनमध्ये गेल्यावर पहिले काम आंघोळ किंवा फोटो नव्हे. जॅकेट कुठे आहे आणि बाहेर पडायचे दार कोणते, हे आधी बघून ठेवा. उन्हाळ्यात आकाश एकदम काळे झाले तर जॅकेट घालून दाराजवळ या, केबिन आतून बंद करून झोपू नका आणि खलाशी सांगतील ते ऐका. बोट लागण्याची भीती मात्र फारशी नको. इतकी बेटे मध्ये असल्याने लाटा आतपर्यंत पोहोचतच नाहीत.

सुंग सोत दुपारी तीन-साडेतीनला. धक्क्यापासून दगडी जिन्याने चढायचे, मग गुहेत साधारण अर्धा किलोमीटरची बांधलेली वाट. पहिले दालन बघून ‘एवढेच?’ वाटते, थांबा, अरुंद वाटेने पुढे गेलात की दुसरे दालन उघडते आणि त्याची उंची बघून माणूस गप्प होतो. वाट ओलसर असते. गुळगुळीत चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा बूट घाला. रंगीत दिवे मला आवडत नाहीत, पण त्यांच्यापासून थोडे बाजूला बघितले की खडकाचा मूळ पिवळसर-करडा रंग दिसतो. लवणस्तंभांना हात लावू नका. हाताचे तेल बसले की त्या जागी चुन्याचा नवा थर धरत नाही, आणि बोटभर वाढायला त्यांना शतके लागलेली असतात. एवढे हात लागून काळे पडलेले खांब वाटेच्या कडेला तुम्हाला दिसतीलच.

ति तोप बेटाला सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव यांचे नाव आहे. 1962 मध्ये ते हो ची मिन्ह यांच्यासोबत इथे आले होते. चारशेहून अधिक पायऱ्या चढून वर गेले की सगळा पट खाली पसरलेला दिसतो. पायऱ्या उंच आहेत. ज्यांना जमणार नाही त्यांनी निम्म्यावरच्या टप्प्यावर थांबावे. तिथूनही दृश्य चांगले आहे. पोहायचे तर इथल्या चौपाटीवर, बोटीवरून उडी मारून नव्हे.

प्लॅस्टिकबद्दल दोन शब्द. 2019 पासून इथल्या पर्यटन सेवांमध्ये एकदा वापरायच्या प्लॅस्टिकला मनाई आहे. स्टीलची बाटली न्या, बोटीवर भरून मिळते. आपल्या फराळाची पाकिटे सॅकमध्येच परत आणा. खडकांच्या कपारीत अडकलेला थर्मोकोल आणि पिशव्या अजूनही दिसतात आणि ते बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला डेकवर या, झोप हनोईत काढता येईल. सकाळी एखादी गुहा किंवा कयाक, दहाच्या सुमारास जेवण, बारापर्यंत धक्का. हनोईत पोहोचायला दुपारचे तीन-चार वाजतात, वाटेत गर्दी लागली तर पाच. त्याच दिवशी विमान घ्यायचेच असेल तर रात्री नऊनंतरचे घ्या, आणि गाडीवाल्याला थेट नोई बाय विमानतळावर सोडायला सांगता येते का ते बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.